एकत्र ठेवलेल्या लेपर्ड गेकोंमधील भांडणे कशी ओळखावीत आणि कशी थांबवावीत

लेपर्ड गेको हा पालीच्या कुळातला, घरी पाळला जाणारा प्राणी मुळात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातला असून त्याला सोबतीची गरज नसते. दोन प्रौढ नर एका काचेच्या टाकीत कधीही ठेवू नयेत, कारण टाकी मोठी असली तरी हद्दीवरून ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-मादी एकत्र असल्यास नर मादीची मान चावत तिच्या सतत मागे लागतो आणि वारंवार अंडी घालून ती खंगत जाते. दोन माद्या तुलनेने शांत असतात, परंतु त्यांचीही खात्री देता येत नाही.

पिल्लांचे लिंग नीट ओळखता येत नसल्याने, विकत घेताना मादी म्हणून मिळालेला गेको पुढे नर निघू शकतो. म्हणून मोठा झाल्यावर त्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहावे. नराच्या मागच्या पायांमध्ये कोनाच्या आकारात छिद्रांची ठळक ओळ आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसतात.

पाय ताठ करून, पाठीची कमान करून गेको शेपटी संथपणे डावी-उजवीकडे वळवू लागला, तर तो चावण्याच्या बेतात आहे असे समजावे. शेपटीचे टोक थरथरवणे मात्र वेगळे असून, ते बहुधा मादीपुढे आलेल्या नराचे लक्षण असते.

मला अधिक काळजी वाटते ती न दिसणाऱ्या दांडगाईची. एकाच आडोशात अंगावर अंग टाकून झोपलेले दोन गेको पाहून मालकाला प्रेम दिसते. प्रत्यक्षात अन्न पचवण्यासाठी दोघांनाही तीच उबदार जागा हवी असते, आणि दुबळ्याला ती मिळेनाशी झाली की त्याची भूक मंदावते व चरबी साठवणारी शेपटी बारीक होते. त्यामुळे स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दोघांचे वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावे.

भांडण जुंपल्यास मध्ये पुठ्ठा सरकवावा. शेपटी धरून ओढू नये, ती तुटून पडते. त्याच दिवशी दोघांना कायमचे वेगळे करावे. दुसरी टाकी येईपर्यंत हवेसाठी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो, मात्र त्याच्या एका बाजूला थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रित ठेवणारे उपकरण) लावलेल्या हीट मॅटने, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईने, सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब आणि दोन्ही बाजूंना आडोसा हवा. जखमी किंवा शेपूट तुटलेल्या गेकोखाली वाळू न ठेवता रोज बदलता येईल असा किचन टॉवेल अंथरावा, जखम सलाइनने धुवावी आणि वेदनाशामक मिसळलेले माणसांचे मलम लावू नये. जखम खोल असेल, डोळ्याजवळ असेल किंवा सुजली असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. दोन्ही टाक्या शेजारी असल्यास मधल्या काचेवर पुठ्ठा चिकटवावा, कारण समोरचा नुसता दिसत राहिला तरी नराचा ताण कमी होत नाही.