जागा कमी आहे पण रोज पोहायचंय? घरच्या लॅप पूलचं माप असं काढा

घरी लॅप पूल (फेऱ्या मारत पोहायचा लांबट, अरुंद पूल) करायचं ठरलं की बहुतेक जण टेप घेऊन आधी जागा मोजतात आणि बसेल तेवढा पूल असा हिशोब करतात, मी पण तेच केलं होतं. पण आधी स्वतःला मोजा. दोन्ही हात पसरून उभे राहा आणि कुणाला तरी टेप धरायला सांगा, हे वावभर अंतर साधारण तुमच्या उंचीएवढंच भरतं. मग हात डोक्यावर ताणून जमिनीवर आडवे पडा आणि हाताच्या बोटांपासून पायाच्या बोटांपर्यंत मोजा, पावणेसहा फुटी माणूस असा सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. रुंदी पहिल्या मापावरून ठरते, लांबी दुसऱ्यावरून.

रुंदीचं आधी सांगते कारण ते सोपंय. स्पर्धेच्या ५० मीटरच्या पूलमध्ये एक लेन २.५ मीटरची असते, पण तिथे शेजारी दोरी असते आणि तुमच्याकडे भिंत असणार, दोरीला हात लागला तर दोरी हलते, भिंतीला लागला तर बोटं सोलवटतात. शिवाय अरुंद पूलमध्ये तुम्हीच उठवलेल्या लाटा दोन्ही भिंतींवर आपटून परत तुमच्या तोंडावर येतात, नेमका श्वास घ्यायच्या वेळी. फक्त फ्रीस्टाइल पोहणार असाल तर २.१ मीटरमध्ये भागतं, ब्रेस्टस्ट्रोक किंवा बटरफ्लाय असेल तर २.५ पाहिजेच. २.१ च्या खाली जाऊ नका, कोणी कितीही म्हणालं तरी. एकट्यासाठी २.५ च्या वर जायचीही गरज नाही, उरलेली जागा बाजूने चालायला ठेवा.

आता लांबी. खरा जीव इथेच आहे. भिंतीला पाय मारून निघालं की चांगला पोहणारा काही न करता ४-५ मीटर सरकतो, आणि फ्लिप टर्नसाठी (पाण्यात कोलांटी मारून भिंतीला पाय देऊन वळणं) समोरची भिंत यायच्या मीटरभर आधीच वळायला सुरुवात करावी लागते. म्हणजे १० मीटरच्या पूलमध्ये खरं पोहणं उरतं ४-५ मीटरचं, पाच-सहा हात मारले की संपलं, श्वासाची लय बसेपर्यंत भिंत आलेली असते. १५ मीटरला दहाएक हात मिळतात आणि तिथे पोहल्यासारखं वाटायला लागतं. एक किलोमीटर पोहायचं तर १० मीटरला १०० फेऱ्या, १२.५ ला ८०, १५ ला ६७, २० ला ५०. माझं मत विचाराल तर १२ किंवा १३ जमत असेल तर ओढूनताणून १२.५ च करा, २५ चं बरोबर अर्धं, मोजायला सोपं आणि दोन फेऱ्या झाल्या की शॉर्ट कोर्स, म्हणजे २५ मीटरच्या पूलची एक लांबी झाली.

हे कागदावर पटत नाही म्हणून एक करून बघा. २५ मीटरच्या पूलवर जा, काठावर टेपने १०, १२.५ आणि १५ मीटरवर रंगीत रिबन बांधा, भिंतीपासून सुटा आणि प्रत्येक रिबनपर्यंत किती हात मारले ते मोजा. असं दहा-बारा वेळा करा, मग कुठल्या रिबनला आपण समाधानी आहोत ते अंगालाच कळतं.

८ मीटरच्याही खाली जागा असेल तर फेऱ्यांचा नाद सोडा. कमरेला पट्टा आणि इलॅस्टिक दोरी बांधून जागच्या जागी पोहायचं किंवा समोरून पाण्याचा झोत सोडणारं मशीन बसवायचं, त्याला साडेचार-पाच मीटर पुरतात. यात कमीपणा काही नाही, व्यायाम पूर्ण होतो, फक्त टर्न नाहीत. बाकी तिरकं पोहून लांबी वाढेल असं कोणी सांगितलं तर १० बाय ३ चा कर्ण काढून बघा, १०.४४ येतो, ४४ सेंटीमीटरसाठी रोज कोपऱ्यात टर्न मारायचा का?

खोली छातीभर, म्हणजे पाणी १.२ ते १.४ मीटर. टर्न दोन्ही टोकांना असतो त्यामुळे एक बाजू उथळ ठेवायची पद्धत इथे उपयोगाची नाही, तळ जवळपास सपाट ठेवा (निचऱ्यापुरता हलका उतार चालतो). स्किमरवाला (भिंतीतल्या तोंडातून पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा) पूल असेल तर पाणी काठापेक्षा १०-१५ सेंटीमीटर खाली राहतं हे धरून भिंतीची उंची सांगा. उगाच खोल करू नका, १५ बाय २.५ मध्ये प्रत्येक १० सेंटीमीटरला ३,७५० लिटर पाणी वाढतं. एवढ्या पाण्यात सूर मारायचा नाही, कधीच नाही, मानेला इजा होते. आणि लहान मुलाच्या हे पाणी डोक्यावरून जातं, म्हणून कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट यांची जागा पहिल्या दिवसापासून मापात धरा, नंतर बघू म्हणू नका.

पायऱ्या लेनमध्ये घेऊ नका. एका टोकाला रुंद पायऱ्या काढल्या की दीड मीटर लांबी गेलीच, शिवाय टर्नची भिंतही गेली. भिंतीत खोबणी करून शिडी बसवली की काही जात नाही.

आमच्याकडे जे झालं ते सांगते. ड्रॉइंगवर १२ मीटर लिहिलेलं, आम्ही खुश. टाइल लागल्यावर मी टेप धरली तर ११.४०. ठेकेदाराने माप बाहेरून बाहेर धरलेलं, दोन भिंती २०-२० सेंटीमीटरच्या आणि वरून वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल मिळून प्रत्येक बाजूला आणखी १०. ते ६० सेंटीमीटर मला अजून सलतात. म्हणून जागेवरून उलटं मोजत या: १४ बाय ४.५ ची पट्टी असेल तर रुंदीतून कंपाउंडकडचं ६० सेंटीमीटर अंतर, पलीकडची भिंत-टाइल ३०, अलीकडे चालायला भिंत धरून ९० वजा करा, पाणी उरतं २.७ मीटर. लांबीतून एका टोकाला कव्हरचा रोलर आणि भिंत मिळून मीटरभर, दुसऱ्या टोकाला ५० सेंटीमीटर, उरले १२.५. पंप-फिल्टरची जागा यात नाही, ती वेगळी शोधा. कंपाउंडच्या पायाजवळ किती खोदता येईल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, ठेकेदाराने नाही.

फक्की मारून हा आयत जमिनीवर आखा, दोन-चार दिवस तसाच ठेवा, बाजूने चालून बघा. आणि सही करायच्या आधी ड्रॉइंगवर शब्दांत लिहून घ्या, "टाइल लावून झाल्यावर आतून आत १२.५० मीटर", आणि हे अंतर खोदाई झाल्यावर, सळई बांधल्यावर आणि प्लास्टरच्या आधी असं तीनदा स्वतः टेप धरून मोजा.