फाइल सिस्टीम बिघडली? एफएससीके चालवण्याआधी जरा थांबा

लिनक्सचं मशीन सुरू करावं, तर काळ्या पडद्यावर कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहिलेलं आणि पुढे नुसता कर्सर लुकलुकतोय. वरच्या ओळींत 'रन एफएससीके मॅन्युअली' अशी सूचना. कधी लक्षण याहून सौम्य असतं: सगळं चालू आहे, पण फाइल सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली'. फाइल सिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, नोंदींत घोळ सापडला की नुकसान वाढू नये म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, बहुतेकदा वाचण्यापुरतंच उघडं ठेवतो.

एफ-एस-सी-के, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड, टाइप करताना चार छोटी अक्षरं. लोक ती लगेच चालवून मोकळे होतात. पण ही कमांड तुमच्या फायली वाचवत नाही, ती हिशेब जुळवते: डिस्कवरचा कोणता ब्लॉक (तुकडा) कोणत्या फाइलचा, कोणती फाइल कोणत्या फोल्डरची. मेळ बसवायला एखादी नोंद खोडावी लागली तर ती खुशाल खोडते.

म्हणून आधी डिस्क बघा. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) सुरू करा आणि 'स्मार्टसीटीएल -ए' चालवून 'करंट पेंडिंग सेक्टर' व 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर' हे खराब किंवा संशयित जागांचे आकडे पाहा. ते वाढत असतील किंवा 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'आय/ओ एरर'च्या रांगा दिसत असतील, तर डिस्कच मरायला टेकली आहे. अशा डिस्कवर दुरुस्ती करू नका. 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. डिस्क ठणठणीत असली तरी महत्त्वाचं तेवढं आधी बाजूला काढावं.

आता 'एलएसबीएलके -एफ'. पार्टिशनचं नाव, फाइल सिस्टीमचा प्रकार आणि ते माउंट आहे का, म्हणजे वापरासाठी जोडलेलं आहे का, हे यात दिसतं. माउंट असेल तर 'यूमाउंट' करा. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवणं म्हणजे धडधडीत नवं नुकसान.

प्रकार ईएक्सटी४ असेल तर एफएससीकेची पहिली फेरी '-एन' लावून. यात काही बदलत नाही, फक्त तक्रारी दिसतात. चार-दोन असतील तर '-एफ' लावून एकेक प्रश्नाला उत्तर द्या. शेकडो असतील तर '-वाय' लावा. मी एकदा दोनेकशे वेळा एंटर दाबत बसलो होतो, पन्नासनंतर एकही प्रश्न वाचला नव्हता. तपासणी पाच टप्प्यांत होते. संपल्यावर परतीचा कोड पाहा: १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे काही उरल्या. स्वच्छ निकाल येईपर्यंत पुन्हा चालवा.

'बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक' आलं तर घाबरण्याआधी नाव तपासा. एसडीए२ऐवजी नुसतं एसडीए, म्हणजे अख्खी डिस्कच दिली की हीच तक्रार येते. नाव बरोबर असेल तर सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टीमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या, राखीव प्रती असतात. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत सहसा ३२७६८ वर सापडते. 'ई२एफएससीके -बी ३२७६८' आणि पुढे पार्टिशनचं नाव.

प्रकार एक्सएफएस असेल तर गणित वेगळं. तिथे एफएससीके काहीच करत नाही, 'एक्सएफएस-रिपेअर' लागतं (टाइप करताना मध्ये अंडरस्कोअर). ते जर्नल (अजून लागू न झालेल्या बदलांची नोंद) शिल्लक असल्याची तक्रार करत असेल, तर एकदा माउंट करून पुन्हा काढा, जर्नल आपोआप लागू होतं. '-एल' (कॅपिटल एल) जर्नल पुसून टाकतो, तो अगदी शेवटचा उपाय. बीटीआरएफएस या तिसऱ्या प्रकारावर 'चेक'ला 'रिपेअर' जोडण्याच्या वाटेला जाऊच नका, आधी डेटा काढून घ्या.

ईएक्सटी४च्या दुरुस्तीनंतर पार्टिशन माउंट करून 'लॉस्ट+फाउंड' हा फोल्डर उघडा. आईबापाविना उरलेल्या फायली तिथे येतात. नाव गेलेलं असतं, उरतो तो # आणि पुढे इनोडचा (फाइलच्या अंतर्गत नोंदीचा) क्रमांक. अशा फाइलवर 'फाइल' हीच कमांड चालवा. आतली सुरुवातीची बाइट्स वाचून ती सांगते, हा जेपीईजी आहे, ही पीडीएफ. मग उघडून, ओळखून एकेकीला पुन्हा नाव द्यायचं.