इन्फ्रारेड फोटो काढताय? या चुका टाळा

काळा फिल्टर घेतला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "दादा, फिल्टर डुप्लिकेट निघाला, नुसता अंधार दिसतोय." अरे बाबा, ७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर आहे तो. त्याहून आखूड लहरींचा, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड अडवणं आणि लालच्या पलीकडचा, न दिसणारा इन्फ्रारेड तेवढा सोडणं हेच त्याचं काम! कॅमेऱ्याच्या सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, पण रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवते. दोन्ही काचांमधून जे झिरपतं त्यावरच फोटो निघतो. म्हणून भर उन्हातही कित्येक सेकंद शटर उघडं लागतं. ट्रायपॉड नसेल तर पैसे घालवू नका.

टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबून बघा. रिमोटच्या टोकाला ठिपका ठळक दिसला तर आतली काच इन्फ्रारेड फारसं अडवत नाही, तुमचं काम सोपं.

फोकसची चूक मात्र मी स्वतः केलीय. मे महिना, सकाळचे अकरा, सिद्धेश्वर तलावाचा काठ. झाडं पांढरी, पाणी काळं अशी फ्रेम डोक्यात पक्की. आधी फोकस केला, मग फिल्टर आवळला आणि चाळीस फोटो ठोकले. मागच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळं झकास. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर लिंबाची पानं पिंजलेल्या कापसासारखी, आणि मधोमध एक जांभळट पट्टा. फिल्टर आवळताना रिंग हलली असेल, तो भाग वेगळा. पण इन्फ्रारेडचा फोकस मुळातच लेन्सपासून जरा मागे पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची, ती आता कोण बघतो? पट्टा आला तो व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून शिरलेल्या उन्हामुळे.

तेव्हापासून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-८ ला ठेवतो, फोकस करून मॅन्युअलवर टाकतो, रिंगवर चिकटपट्टी मारतो, व्ह्यूफाइंडरवर काळा रुमाल. पहिला फोटो पूर्ण मोठा करून बघतो. मऊ वाटला तर रिंग किंचित जवळच्या अंतराकडे फिरवतो. कंटाळवाणं आहे, पण चाळीस फोटो पुसणं जास्त कंटाळवाणं.

व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला धरायचा ती सेटिंग) गवतावर घ्या, फोटो रॉमध्येच, म्हणजे कच्च्या फाइलमध्येच काढा. वारं सुटलं असेल तर घरी जा. फोटोच्या मधोमध पांढरा डाग येत असेल तर दुसरी लेन्स लावा, फोटोशॉपमध्ये घासत बसू नका. आणि तापलेली भिंत यात चमकत नाही. उष्णता दाखवणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरवर, म्हणजे ८,००० ते १४,००० नॅनोमीटरवर चालतात, त्यांचा सेन्सरच वेगळा.

शेवटचं, घरी कॅमेरा उघडणारे. एक पोरगा व्हिडिओ बघून आतली काच काढून आला, स्क्रू बिस्किटाच्या पुड्यात. काच गेली म्हणजे फोकसचं अंतरही बदललं, जागी तेवढ्याच जाडीची साधी काच हवी, हे व्हिडिओत नव्हतं म्हणे. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो, हेही नव्हतं. ते त्याला अंगठ्याने कळलं होतं.