कठड्यापासून की जमिनीपासून? विहिरींच्या नोंदींचा मेटाडेटा ईझीईएमएलमध्ये कसा भरायचा

7.85. नोंदवहीत एवढंच लिहिलंय. मीटर की फूट? कठड्यापासून मोजलं की जमिनीपासून? मोजताना पंप चालू होता का? ज्यानं मोजलं त्याला हे सगळं तोंडपाठ, म्हणून त्यानं ते लिहिलंच नाही. तो माणूस नोकरी सोडून गेला की त्या आकड्याचं करायचं काय, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या टेबलावर येऊन पडतो.

मी पुरंदर तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा डेटा सांभाळते. मोजायला फील्डवरची मंडळी जातात. माझं काम ते आकडे नीट लावायचं आणि परक्या माणसालाही वापरता येतील अशी त्यांची माहिती जोडून ठेवायचं. कुणी मोजलं, कुठं, कधी, कशानं, आणि प्रत्येक कॉलमचा नेमका अर्थ काय, हा सगळा मेटाडेटा. तो वर्डच्या फाइलमध्येही लिहिता येतो, पण तिथं आपण आठवेल तेवढंच लिहितो. समोर फॉर्म असला की तो आपल्याला विचारतो. म्हणून मी ईझीईएमएल वापरते.

हे ब्राउझरमध्ये चालणारं, फुकट साधन आहे. अमेरिकेतल्या एन्व्हायर्नमेंटल डेटा इनिशिएटिव्हनं, म्हणजे ईडीआयनं, ते बनवलंय. (ती ईडी वेगळी, घाबरू नका.) आपण फॉर्म भरत गेलो की मागे ईएमएल नावाच्या, पर्यावरणशास्त्रात रुळलेल्या मानकात एक एक्सएमएल फाइल तयार होते. ती आपल्याला उघडून बघावीही लागत नाही. गूगल किंवा ऑर्किडच्या (संशोधकांना मिळणाऱ्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या) खात्यानं आत जाता येतं. झेनोडोवर, म्हणजे संशोधनाच्या फाइली ठेवायच्या खुल्या संकेतस्थळावर, डेटा ठेवणं याहून सोपं आहे आणि आम्ही तिथंही ठेवतो, पण झेनोडोचा फॉर्म फाइलच्या आतल्या कॉलमबद्दल काही विचारत नाही. विहिरींच्या डेटात सगळी गोम कॉलममध्येच असते.

साधन उघडण्याआधी फाइल हातात घ्या. ईझीईएमएलला सीएसव्ही, म्हणजे कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, लागते: पहिल्या ओळीत कॉलमची नावं, खाली एका ओळीत एक नोंद, बस. वर मध्यभागी टाकलेलं "विहीर निरीक्षण तक्ता" हे शीर्षक काढा. एकत्र केलेले सेल सोडवा. कोरड्या विहिरी पिवळ्या रंगानं रंगवल्या असतील तर तो रंग सीएसव्हीत येणार नाही, त्याची माहिती वेगळ्या कॉलममध्ये लिहून काढा. गावांची नावं देवनागरीत असतील तर एक्सेलमधून सेव्ह करताना यूटीएफ-8 वाला सीएसव्ही हाच पर्याय निवडा, नाहीतर सासवडच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. कुणी आकडे देवनागरीत टाइप केले असतील तर तेही बदलून घ्या. आपल्याला ७ आणि 7 एकच, साधनाला नाहीत. एका देवनागरी आकड्यामुळे अख्खा कॉलम मजकूर म्हणून ओळखला जाऊ शकतो.

तारखांकडे जास्त लक्ष द्या. आपण 05/10 लिहितो तेव्हा 5 ऑक्टोबर म्हणायचं असतं. एक्सेलची सेटिंग अमेरिकन असली की तो 10 मे समजतो. विहिरींच्या बाबतीत याच्याइतकी वाईट अदलाबदल शोधून सापडायची नाही. मे म्हणजे पाणी सगळ्यात खाली गेलेलं, ऑक्टोबर म्हणजे पावसाळा संपून विहीर भरलेली. आणि 13 तारखेपासून पुढच्या नोंदी उलटत नाहीत, त्यामुळे निम्मी फाइल बरोबर दिसते आणि संशयही येत नाही. सगळ्या तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा करून घ्या, 2019-10-05 अशा. फॉर्ममध्ये तारखेच्या कॉलमला तोच साचा निवडायचा.

आता फाइल अपलोड करा. साधन प्रत्येक कॉलम चाळून त्याचा प्रकार स्वतःच ठरवतं: संख्या, तारीख, मजकूर, की ठरावीक पर्यायांपैकी एक. हा त्याचा अंदाज असतो, तो तपासायचा. विहिरीचा क्रमांक 1, 2, 3 असा असला की तो संख्या धरला जातो, पण त्या क्रमांकांची बेरीज कोण करणार? तो मजकूर करा.

इथून पुढचा भाग सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात मोलाचा. प्रत्येक कॉलमसाठी व्याख्येची एक चौकट येते. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये त्या चौकटीत बहुतेक वेळा कॉलमचं नावच पुन्हा लिहिलेलं असतं: "पाणीपातळी", व्याख्या: "विहिरीतली पाणीपातळी". हे लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच. मी लिहिते ते असं: "विहिरीच्या कठड्यावर खुणेनं ठरवलेल्या बिंदूपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर, मीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल." शेवटचा तुकडा फालतू वाटेल, पण पातळी म्हटल्यावर आकडा वाढला म्हणजे पाणी वर आलं असं समजून आलेख काढणारे कमी नाहीत. (प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजीत भरावं, म्हणजे बाहेरच्यांनाही वाचता येतं.)

कठड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण विहिरीच्या डेटाचं खरं मर्म तिथं आहे. टेप कठड्यावर धरून सोडणं सोयीचं, म्हणून सगळे तिथूनच मोजतात. पण दोन विहिरींची तुलना करायची तर जमिनीपासूनची खोली हवी. कठड्यापासून 7.85 मीटर आणि कठडा 0.90 मीटर उंच, तर जमिनीपासून 6.95. म्हणून कठड्याची उंची हा वेगळा कॉलम लागतो, आणि तो प्रत्येक नोंदीला लागतो, विहिरीमागे एकदाच भरून चालत नाही. आमच्याकडच्या एका विहिरीचा जुना कठडा 0.30 मीटरचा होता. मालकानं पोरं वाकून बघतात म्हणून तो 0.90 पर्यंत चढवून घेतला. कठड्यापासूनचे आकडे त्या महिन्यापासून 0.60 मीटरनं वाढले. कठड्याचा कॉलम नसता तर पाणी दोन फूट खाली गेलं असं कुणीतरी छापून मोकळं झालं असतं. फाइलमध्ये तिन्ही कॉलम ठेवा: मोजलेला आकडा, कठड्याची उंची, आणि वजाबाकी करून आलेली खोली. तिसऱ्याच्या व्याख्येत तो गणितानं काढलाय हे स्पष्ट लिहा. फक्त वजाबाकीचं उत्तर देऊ नका, मूळ आकडा गेला की चूक शोधायची वाट बंद होते.

दुसरी भानगड शून्याची. पाणीपातळीच्या कॉलममध्ये 0 म्हणजे काय? व्याख्येप्रमाणे पाणी कठड्याला लागलंय. पण नोंदवहीत कोरड्या विहिरीपुढंही 0 घातलेला असतो, कारण पाणी शून्य. म्हणजे तुडुंब आणि ठणठणीत या दोघींचा आकडा एकच. शिवाय रिकामे सेल असतात: कुणाच्या शेताच्या गेटला कुलूप, कुठं ओढ्याला पूर, कुठं टेप घरी विसरला. हे सगळं एका आकड्याच्या कॉलममध्ये कोंबायचं नाही. आकडा नसेल तिथं एकच ठरलेला कोड टाका, मी -9999 वापरते. फॉर्ममध्ये तो कोड आणि त्याचा अर्थ लिहायला जागा आहे, ती रिकामी सोडलीत तर एखादा नवखा त्या -9999 ची सरासरी काढून बसेल. आणि आकडा का नाही, किंवा असला तर कुठल्या स्थितीत घेतला, हे सांगायला "नोंदीची स्थिती" असा वेगळा कॉलम करा: मोजली, कोरडी, जाता आलं नाही, पंप चालू. हा पर्यायांचा कॉलम. साधन त्यातले सगळे कोड गोळा करून दाखवतं आणि प्रत्येकाचा अर्थ विचारतं. इथं एक आयता फायदा होतो: "कोरडी", "कोरडी " (शेवटी स्पेस) आणि "कोरडि" हे तीन वेगळे कोड म्हणून समोर येतात, आणि टायपिंगचा सगळा गोंधळ एका नजरेत दिसतो.

"पंप चालू" हा कोड मुद्दाम ठेवा. उपसा सुरू असताना घेतलेला आकडा त्या वेळेपुरता खरा असतो, पण आसपासच्या भूजलाबद्दल तो काही सांगत नाही. काढून टाकू नका, खूण करून ठेवा, वापरणारा ठरवेल.

एककांची यादी साधनात तयार असते, मीटर निवडलं की झालं. अडचण जुन्या नोंदींची. शेतकऱ्याला विचारून लिहिलेली विहिरीची खोली परसात असते: सात परस, नऊ परस. परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची, पण कुठल्या पुरुषाची? परसाचे परस्पर मीटर करून टाकू नका. जसं सांगितलं तसं एका कॉलममध्ये ठेवा, यादीत नसलेलं एकक म्हणून त्याची व्याख्या स्वतः लिहा, आणि ही ऐकीव खोली आहे, मोजलेली नाही, हेही नोंदवा. फुटांचं तसं नाही, एक फूट म्हणजे 0.3048 मीटर, बिनधास्त रूपांतर करा आणि केलंय असं सांगा.

ठिकाणाच्या पानावर उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार सीमा दशांश अंशात मागतात. सासवडचा अक्षांश साधारण 18.3, रेखांश 74.0. हे दोन उलटे पडले तर तुमच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात निघतील. हसू नका, होतं असं. भरून झालं की कुठल्याही नकाशावर एकदा टाकून बघा.

गावाच्या नावावर विसंबू नका. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. शेजारी 2011 च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी कोड द्या. जिल्ह्यांची नावंही स्थिर नाहीत: 2014 साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला, 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, मग 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नोंद घेतली तेव्हाचं नाव ठेवा, नवीन नाव वर्णनात सांगा.

शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर हे कॉलम अपलोड करण्याआधीच काढायचे. आपल्याला घरात बसवून चहा पाजणाऱ्यानं नंबर जगाला वाटायला दिलेला नसतो, आणि 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहेच. नाव काढलं तरी अचूक अक्षांश-रेखांशावरून विहीर, आणि विहिरीवरून मालक सापडतो. मालकाची परवानगी नसेल तर आम्ही अंश दोन दशांशांपर्यंत आणतो, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभर पुसट होते. असं केलंय हे व्याख्येत लिहिलं नाही तर कुणीतरी त्या बिंदूवर विहीर शोधत फिरेल.

बाकीची पानं पटकन होतात. शीर्षकात काय, कुठं, कधी हे तिन्ही हवं, "भूजल डेटा अंतिम 2" नको. कर्त्यांच्या यादीत फील्डवर मोजणाऱ्यांची नावं त्यांना विचारून घाला, उन्हात टेप धरून उभे तेच असतात. प्रत्येकाचा ऑर्किड क्रमांक टाका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना तर तो घ्याच असं मी सांगते, म्हणजे दोन्ही नावांचं काम एकीच्याच खात्यावर राहतं. शोधशब्द, म्हणजे कीवर्ड, साधनातल्या तयार यादीतून निवडता येतात, त्यात बसत नाहीत ते आपले घाला. परवान्यासाठी सीसी-झिरो किंवा सीसी-बाय निवडा. पहिल्यात कसलीच अट नाही, दुसऱ्यात श्रेय देणं बंधनकारक. पावसाचे आकडे हवामान विभागाकडून घेतले असतील तर स्रोत म्हणून त्यांचं नाव द्या, आपल्या मोजमापात मिसळू नका.

पद्धतीच्या पानावर पेपरमधला परिच्छेद चिकटवायचा मोह आवरा. पेपरमध्ये "पातळी टेपने मोजली" एवढं पुरतं. इथं टेप कसला, किती बारीक मोजतो, की पाण्याला टेकल्यावर वाजणारा इंडिकेटर वापरला, सकाळी मोजलं की दुपारी, पंप बंद होऊन किती वेळ झाला होता, आकडा एकदा घेतला की दोनदा, हे लिहायचं. मी हे पान मोजणाऱ्याला शेजारी बसवून भरते. आपण विचारायचं, त्यानं सांगायचं. "काठावर एक दगड पुढं आलाय, नेहमी तिथूनच सोडतो" असं तो सहज बोलून जातो, आणि मोजण्याचा बिंदू कुठला ते कळतं.

सगळं भरलं की तपासणीची दोन बटणं दाबा. एक मेटाडेटा तपासतं: लाल म्हणजे चूक, पिवळं म्हणजे इशारा. दुसरं तुमच्या सीएसव्हीतल्या नोंदी तुम्हीच सांगितलेल्या प्रकारांशी ताडून बघतं, आणि संख्येच्या कॉलममध्ये "अंदाजे 8" कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवतं. पिवळे इशारे सगळेच घालवायची गरज नाही, पण प्रत्येक वाचा. यातून हिरवा शेरा मिळाला तरी कठडा बरोबर लिहिलाय की नाही हे साधनाला कळत नाही. त्यासाठी आम्ही या प्रकल्पात नसलेल्या एखाद्याला पान उघडून देतो आणि 7.85 चा अर्थ सांग म्हणतो.

मग डेटा आणि मेटाडेटा यांचं एकत्र पॅकेज ईडीआयकडे पाठवायचं. तिथली माणसं ते बघतात, शंका असल्या तर विचारतात, आणि प्रसिद्ध झालं की डीओआय, म्हणजे संदर्भ द्यायला कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. तिथं न ठेवता एक्सएमएल उतरवून घेऊन दुसरीकडे डेटासोबत ठेवलं तरी चालतं. प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलत नाही, दुरुस्ती केली की नवी आवृत्ती आणि तिचा नवा डीओआय. पुढच्या ऑक्टोबरच्या नोंदी आल्या की तोच तक्ता पुन्हा अपलोड करा. कॉलम तेच आणि त्याच क्रमानं असतील तर व्याख्या जागच्या जागी राहतात, फक्त कालावधीची शेवटची तारीख वाढवायची आणि स्थितीच्या कॉलममध्ये कुणी नवा कोड घुसवलाय का ते बघायचं.