एमएसडब्ल्यू करून दिव्यांग मुलांच्या पालकांसोबत काम करायचंय? माझा कोल्हापूरचा अनुभव

कोल्हापूरच्या सायबर कॉलेजमधनं एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) करून बाहेर पडले तेव्हा मला वाटायचं आपण आता पालकांना धीर देणार, काउन्सेलिंग करणार वगैरे. पहिल्याच महिन्यात चंदगडकडनं आलेल्या एका काकूंना मी अर्धा तास 'मुलाला आहे तसं स्वीकारा' ऐकवलं, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ते मला सतरा वर्सं कळतंय की ओ, तुम्ही दाखल्याचं काय ते सांगा." आणि मला त्या दिव्यांगत्वाच्या दाखल्याचंच काही येत नव्हतं!

त्यामुळं नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, आधी कागद शिका. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांचा फॉर्म सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि मग तपासणीला जायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, ऑटिझमपण आलं त्यात, आणि बऱ्याच सवलतींना दाखल्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. बौद्धिक दिव्यांगत्वाला सायकॉलॉजिस्टची टेस्ट होते. पालकांना सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) पाठवायच्या आधी कुठल्या वारी काय चालतं ते तुम्ही स्वतः विचारून ठेवा, कारण पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला 'आज नाही, उद्या या' ऐकावं लागलं तर त्याचा रोजगार बुडतो आणि ते पोरगं दिवसभर बिथरतं ते वेगळंच.

त्या काकूंना एका ऑफिसनं तीनदा परत पाठवलं होतं, का तर आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आणि जन्मदाखल्यावर वेगळं. आधार दुरुस्तीला गेलो तर तिथं दुसरंच नाटक. मशीनचा हिरवा लाइट बघून पोरगा हात मागं घ्यायचा, ऑपरेटर वैतागला, मागची लाइन कुजबुजायला लागली. आम्ही तसेच परत आलो. मग काकूंनीच डोकं लढवलं, घरी पोळपाटावर मोबाइलचा टॉर्च लावून रोज जेवायच्या आधी चार बोटं टेकवायची, टेकवली की शेंगदाण्याचा लाडू. तीन आठवड्यांनी गेलो तर पठ्ठ्यानं स्वतःहून बोटं ठेवली आणि ऑपरेटरपुढं लाडवासाठी हात पसरला 😄 हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं, आता मी ते सगळ्या पालकांना सांगते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अठरावं वर्ष. बऱ्याच आईबापांना वाटतं आम्ही जन्मभर पालक आहोतच, पण 18 पूर्ण झाली की कायद्यानं मूल सज्ञान, आणि मग बँकेत वगैरे सहीवरनं अडतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात कलेक्टरांच्या लोकल लेव्हल कमिटीकडं पालकत्वासाठी अर्ज करता येतो. सतराव्या वर्षापास्नंच फाइल तयार ठेवायला लावा. आणि त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चपण त्यात येतो, आधी मेडिकल टेस्ट नाही. तरी कितीतरी घरांत हे नावच ऐकलेलं नसतं, राग येतो खरंच.

शब्दांचं एक. ट्रेनिंगमध्ये आपल्याला 'दिव्यांग' म्हणायला शिकवतात, गावात आजी 'गतिमंद हाय ओ आमचं लेकरू' म्हणते. तिथं आजीला शब्द दुरुस्त करून देऊ नका, तुम्ही तुमचा योग्य शब्द वापरत राहा, बास.

कोर्सबद्दल सगळे विचारतात म्हणून, स्पेशल टीचर व्हायचं असेल तर स्पेशल एज्युकेशनचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यताप्राप्त कोर्स आणि तिथलं रजिस्ट्रेशन लागतंच. माझ्यासारखं घरच्यांसोबत, ऑफिसात धावपळीचं काम एमएसडब्ल्यूवर चालतं. पगाराचं विचारू नका, सुरुवातीला पेट्रोल आणि झेरॉक्समध्येच बराच जातो 🙈

आणि हो, घरी गेलात की मुलाच्या बहिणीशी किंवा भावाशीपण बोला. काकूंची धाकटी लेक दहावीला होती, तीन भेटी झाल्या तरी मी तिला नावसुद्धा विचारलं नव्हतं. चौथ्या वेळी चहा घेऊन आली तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, आईनंतर दादाचा अर्ज मलाच करायचाय ना? मग मला पण दाखवा की कसा भरायचा." त्या दिवशी फॉर्म तिनंच भरला, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.