मातीचे देव-दानव घडवताना या चुका टाळा

पुराणकथांवर सिरॅमिक शिल्प करायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच कामात दहा डोकी, अठरा हात नाहीतर पसरलेले पंख हवे असतात. हौसेला माझी हरकत नाही. पण त्याच त्या कारणांनी फुटलेल्या मूर्तींचे तुकडे गोळा करायचा मला आता कंटाळा आला आहे.

भरीव शिल्प भट्टीत घालणं

एक विद्यार्थी खांबातून प्रकटणारा नरसिंह करत होता. कल्पना सुरेख होती: खांबाला उभी भेग, भेगेतून अर्धा चेहरा आणि एक पंजा. खांब मात्र मांडीएवढा जाड आणि आतून पूर्ण भरीव. पोकळ कर म्हटलं की "मॅडम, कोरीवकाम बिघडेल" हे उत्तर ठरलेलं. प्रदर्शनाची तारीख जवळ आली तसा त्याने तो हीट गनने सुकवला. कुणीतरी सांगितलं म्हणून हवा निघायला वरवर सुईने टोचलं आणि सामायिक भट्टीत दुसऱ्याच्या पाळीत शिल्प ठेवून आला. भट्टी उघडली तेव्हा खांब फुटला होता, नरसिंह मात्र कुठेच नव्हता. शेजारी एका आजींचा जटायू होता. रावणाने ठेवलेला एक पंखही त्या स्फोटात गेला.

त्यानंतर "आत हवेचा बुडबुडा राहिला असेल" ही चर्चा झालीच. बिचाऱ्या हवेला उगाच दोष देतात. कच्च्या मातीला बारीक छिद्रं असतात, तापलेली हवा त्यातून निघून जाते. फोडतं ते पाणी. पाण्याची वाफ होताना त्याला सुमारे १६०० पट जागा लागते, आणि जाड मातीच्या पोटातून तेवढ्या वेगाने बाहेर पडायला वाट नसते. हीट गनने फक्त वरचा थर कोरडा होतो, आतली ओल जिथल्या तिथे.

माझी पद्धत जुनीच आहे. माती लेदर हार्ड, म्हणजे चामड्यासारखी घट्ट पण अजून ओलसर, झाली की तारेने शिल्पाचे दोन भाग करायचे, आतून पोखरून भिंत दोन सेंटिमीटरच्या आत आणायची, कडा खरवडून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावायची आणि भाग पुन्हा जोडायचे. पोकळीला बाहेर उघडणारं एक भोक मागे कुठेतरी ठेवायचं. कापायला जीव होत नाही, हे मला रोज ऐकावं लागतं. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन कारागिरांनी इ.स.पू. सहाव्या शतकात झाकणावर माणसाएवढं जोडपं रेललेली शवपेटी घडवली, तीही तुकड्यांत भाजून जोडली. आपला नरसिंह त्याहून मोठा नाही.

शिल्प सुकलं की नाही ते गालाला लावून बघते. गार लागलं तर आत पाणी आहे. भट्टीही ८०–९० अंशांवर रात्रभर रेंगाळू देते आणि सकाळी झरोक्यासमोर थंड काच धरते. काचेवर धुकं आलं तर अजून थांबायचं. हे सगळं कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी मातीऐवजी दुसरं काही निवडावं.

ब्राँझचा फोटो बघून माती घडवणं

माझ्या चिडण्याचं दुसरं कारण हे. चोळकालीन नटराजाचा फोटो समोर ठेवायचा आणि तसेच सुटे हात मातीत काढायचे! धातूला ओढ सोसते, मातीला नाही. असा हात ओला असताना खाली झुकतो, सुकताना खांद्याशी तडकतो, आणि त्यातून वाचला तरी उचलताना बोटं हातात येतात. मग लोक आत तार घालतात. माती सुकताना आक्रसते, तार आक्रसत नाही, म्हणजे तडा जायची सोय स्वतःच्या हाताने केली.

वेई या एट्रुस्कन शहरातला अपोलो देव बघा. इ.स.पू. ५१० च्या सुमाराचा, देवळाच्या छपरावर उभा केलेला, जवळजवळ माणसाएवढा टेराकोटा. तो पाऊल टाकतोय आणि दोन पायांच्या मधे नक्षीदार आधार आहे. आधार लपवलेला नाही, सजवलाय. तमिळनाडूतले वेळार कुंभार पिढ्यान्‌पिढ्या अय्यनार या ग्रामरक्षक देवाचे प्रचंड घोडे करत आले आहेत. त्या घोड्यांचे पाय जाडजूड पोकळ नळकांडी असतात, आणि घोड्याचा तोरा त्यामुळे तसूभर कमी होत नाही.

म्हणून आधार कथेतूनच शोधा. हात प्रभावळीला टेकवा, गदा मांडीवर ठेवा, जटा खांद्यावर उतरू द्या, नाग कमरेपासून मनगटापर्यंत चढवा. नव्या पिढीने जुने साचे मोडावेत, जरूर मोडावेत. पण साचा मोडताना त्यातला आधारही फेकून देतात आणि त्याला प्रयोग म्हणतात, ते मला पटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ओल्या धडाला सुकलेलं डोकं चिकटवू नका. दोन्ही भागांची ओल सारखी हवी. स्लिप कितीही चोपडली तरी सांधा निघतोच.

जास्तीचे हात, पंख, शिंगं नुसती डकवू नका. दुसरा खांदा कुठून निघतो, पंखाचं हाड पाठीत कुठे शिरतं, हे आधी कागदावर काढा. फोनवरच्या चित्रात ते नसतं.

मोठ्या कामाला नितळ माती वापरू नका. भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा तरी मिसळते मी.

शिल्पाखाली वर्तमानपत्र घाला, म्हणजे तळ आक्रसताना अडकत नाही.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, जाड लावून डोळे आणि नखं बुजवू नका. फ्लॉरेन्सच्या देल्ला रॉब्बिया या ग्लेझ केलेली मातीची शिल्पं करणाऱ्या घराण्यात ल्युकाने बहुतेक पांढऱ्या-निळ्यावर भागवलं, पुढे पुतण्याचा मुलगा जोव्हान्नी भरपूर रंगांकडे वळला. मला ल्युकाच आवडतो. रंग कमी असले की आकार उघडा पडतो आणि लपवाछपवी जमत नाही.

५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ आकार बदलतं, तापताना आणि निवतानाही. तिथे घाई नको. आणि भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका. "जरा फट करून बघतो" म्हणणाऱ्यांना मी भट्टीच्या खोलीची किल्लीच देत नाही.