नाईट ड्यूटीतलं ९४ सॅच्युरेशन

बाळांच्या हार्ट आयसीयूत नव्याने लागलेल्या सिस्टरांनो, लाइन, ड्रेन, पंप महिन्याभरात हातात बसतील. मी जिथे फसले तेवढंच नीट सांगते.

सांगलीत माझा तिसरा महिना. जतकडचं बारा दिवसांचं बाळ, पल्मनरी अट्रेसिया (हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट जन्मतःच बंद), बीटी म्हणजे ब्लेलॉक-टॉसिग शंट होऊन दुसरा दिवस. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ७८ टक्के. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेली मी, ७८ बघून माझाच जीव घाबरा झाला. कुणाला न विचारता व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून ७० केला. आकडा ९४ झाला, मी निर्धास्त. भेटायला आलेली आई म्हणाली, "ताई, पाय लई गार लागत्यात की ओ." मी म्हटलं, "ऑपरेशन झालंय ना, होईल ठीक." तासाभराने ब्लड गॅसची तपासणी केली तर लॅक्टेट (अंगाला रक्त कमी पडलं की वाढतं ते) २ चं ६. डायपर कोरडा, डायास्टोलिक, म्हणजे खालचं ब्लड प्रेशर, २२.

हे का झालं ते दोनदा वाचा. शंट म्हणजे धमनीतून फुप्फुसाकडे जोडलेली साडेतीन मिलिमीटरची नळी. तेच रक्त फुप्फुसात आणि अंगात वाटून घ्यायचं असतं. ऑक्सिजन वाढवला की फुप्फुसाच्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडेच धावतं. किडनी, आतडी, खुद्द हृदयाच्या धमन्याही उपाशी राहतात. म्हणून या बाळांना ७५ ते ८५ पुरतं. उलट ८० वरून एकदम ६० वर आलं तर शंट बंद पडतोय असंच धरा आणि डॉक्टरांना हाक मारा. रिपोर्टची वाट बघत बसाल तर बाळ जाईल.

त्या रात्री सीनियर सिस्टरांनी मॉनिटरकडे न बघता आधी पावलांना हात लावला. डॉक्टरांना उठवलं, ऑक्सिजन २१ वर, म्हणजे साध्या हवेइतका, आला. पहाटे बाळाला लघवी झाली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

ग्रुपवर फिरणाऱ्या नॉर्मल आकड्यांच्या तक्त्यांचा मला रागच येतो. आपल्या बाळाचं रक्त कुठून कुठे जातं ते हँडओव्हरच्या कागदामागे स्वतः काढा. नाही जमलं तर विचारा, ज्याला येतं त्याला. १९४४ मध्ये बाल्टिमोरला हा शंट पहिल्यांदा केला तेव्हा सर्जन ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून त्यांचे लॅबमधले सहाय्यक व्हिव्हियन थॉमस त्यांना सांगत होते, आणि थॉमस डॉक्टर नव्हते.

पोटात गोळा येईल. मलाही अजून येतो, तरी काम जमतं. फक्त सॅनिटायझर लावल्यावर हात गार पडतात, ते चोळून कोमट करा आणि मगच पाऊल धरा.